हायबरनेट, मायबॅटिस की हाताने लिहिलेलं एसक्यूएल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जावात डेटाबेसचं काम करणारे लोक हे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, म्हणून एकदाच नीट उत्तरं लिहून ठेवतोय. उदाहरण सगळीकडे पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचं घेतलंय, म्हणजे सभासद, कर्जखाती, हप्ते, जामीनदार. आपल्याकडे बहुतेकांना हा व्यवहार माहितीचा असतो आणि त्यात दोन्ही प्रकारचं काम भरपूर निघतं.

१. पर्सिस्टन्स फ्रेमवर्क म्हणजे नेमकं काय? जेडीबीसी आधीपासून होतंच की, मग हे कशाला आलं?

जेडीबीसी, म्हणजे जावातून डेटाबेसशी बोलायची मूळ सोय, १९९७ पासून जावासोबत येतंय आणि हायबरनेट असो की मायबॅटिस, आतून सगळे त्याच्यावरच चालतात. नुसतं जेडीबीसी वापरलं तर कनेक्शन घ्या, स्टेटमेंट बनवा, एकेक पॅरामीटर भरा, रिझल्टसेटमधून एकेक कॉलम काढून ऑब्जेक्टमध्ये टाका आणि शेवटी सगळं बंद करा, हे प्रत्येक टेबलासाठी हाताने करावं लागतं. फ्रेमवर्क हे मधलं काम स्वतःकडे घेतं. काही फ्रेमवर्क्स तेवढ्यावर थांबतात. हायबरनेटसारखी त्याच्या पुढे जातात, म्हणजे ऑब्जेक्टमध्ये काय बदललं ते लक्षात ठेवून एसक्यूएलसुद्धा तीच बनवतात. गॅव्हिन किंगने २००१ मध्ये हायबरनेट सुरू केलं ते तेव्हाच्या ईजेबी एंटिटी बीन्सना (डेटाबेसमधल्या गोष्टी सांभाळायची जावाची तेव्हाची पद्धत) पर्याय म्हणून, आणि २००६ मध्ये त्याच धर्तीवर जेपीए (ऑब्जेक्ट आणि टेबलं जोडण्याचे जावाचे ठरलेले नियम) हे स्टँडर्ड आलं. आज स्प्रिंग बूटमध्ये (जावात ॲप्लिकेशन बनवायचं फ्रेमवर्क) आपण जेपीए म्हणतो तेव्हा खाली बहुतेक वेळा हायबरनेटच असतं.

२. "स्वतःचा कोड लिहू" म्हणजे प्रत्येक वेळी कनेक्शन उघडा, बंद करा असलं सगळं का?

नाही, आणि या एका गैरसमजामुळे अर्ध्या चर्चा भरकटतात. स्वतःचा कोड म्हणताना लोकांच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. पहिली म्हणजे नुसतं कच्चं जेडीबीसी. दुसरी, एसक्यूएल आपण लिहायचं पण कनेक्शन, एक्सेप्शन, बंद करणं हे जेडीबीसी-टेम्प्लेटसारख्या पातळ थराकडे सोपवायचं. तिसरी, एसक्यूएल बनवणारा, ऑब्जेक्ट भरणारा थर स्वतःच लिहायचा, म्हणजे घरचं फ्रेमवर्क.

पहिलं आज फार क्वचित लागतं. दुसरं उत्तम आहे आणि मी बिनधास्त सुचवतो. तिसऱ्याबद्दल माझं मत कडक आहे, ते प्रश्न ८ मध्ये लिहिलंय.

३. बाजारात पर्याय कोणकोणते आहेत? थोडक्यात सांगा.

जावापुरतं बोलायचं तर एका टोकाला हायबरनेट आणि एक्लिप्सलिंक, हे दोन्ही जेपीएवाले, एसक्यूएल तेच बनवतात. मधे मायबॅटिस, म्हणजे जुनं आयबॅटिस, जे २०१० मध्ये अपाचेतून बाहेर पडून या नावाने पुढे गेलं. त्यात एसक्यूएल तुम्ही लिहिता आणि मॅपिंग ते करतं. जूक तुमच्या टेबलांवरून जावाचे क्लासेस बनवतं, मग एसक्यूएल जावातच टाइप-चेक होऊन लिहिता येतं, फक्त ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरसाठी त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं हे आधीच बघून ठेवा. दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचं जेडीबीसी-टेम्प्लेट, आणि २०२३ मध्ये स्प्रिंग ६.१ सोबत आलेला त्याचाच सुटसुटीत अवतार जेडीबीसी-क्लायंट.

४. फार खोलात नको, एक नियम सांगा. कधी काय वापरायचं?

स्वतःला एकच विचारा: स्क्रीनवर माणूस एखादी गोष्ट उघडून त्यात बदल करून सेव्ह करतोय, की ढीगभर रेकॉर्डमधून काहीतरी मोजून काढायचंय?

कर्जाचा अर्ज घ्या. एक अर्ज, त्याला दोन जामीनदार, त्याखाली हप्त्यांचं वेळापत्रक, तारण, आणि क्लार्कने मधला एक जामीनदार काढून दुसरा टाकला, रक्कम बदलली, हप्ते पुन्हा पडले. यात कुठली ओळ इन्सर्ट, कुठली अपडेट, कुठली डिलीट हे हाताने ठरवायला बसलात तर त्या एका स्क्रीनसाठी कोडचा डोंगर होतो आणि दर बदलाला तो पुन्हा तपासावा लागतो. इथे हायबरनेट घ्या, तो याच कामासाठी आहे.

आता थकबाकीची यादी घ्या. शाखानिहाय, ९० दिवसांच्या वरची, सभासदाचं नाव, शेवटचा भरणा कधी झाला, एकूण येणं किती. यात बदल काहीच करायचा नाही, पाच टेबलं जोडून बेरजा करायच्यात. एसक्यूएल हाताने लिहा, रिझल्ट साध्या रेकॉर्ड क्लासमध्ये भरा आणि मोकळे व्हा. हीच यादी एंटिटी (टेबलाच्या ओळीशी जोडलेले ऑब्जेक्ट) आणून जावात लूप लावून बनवली की प्रश्न ६ मध्ये लिहिलेलं सगळं होतं.

टीममध्ये किती लोकांना काय येतं हेही बघायला लागतं, नाही असं नाही, पण ते दुसऱ्या नंबरवर.

५. हायबरनेट वापरलं तर एसक्यूएल नाही आलं तरी चालतं ना?

नाही चालत. उलट हायबरनेटवाल्याला एसक्यूएल जास्त यायला लागतं, कारण दुसऱ्याने लिहिलेली क्वेरी वाचून ती बरोबर आहे की नाही हे त्याला ठरवायचं असतं. इंडेक्स, जॉइन, ग्रुप बाय, ट्रान्झॅक्शनच्या आयसोलेशन लेव्हल, एक्स्प्लेन प्लॅन वाचणं, एवढं आल्याशिवाय जेपीएला हात घालू नका. फ्रेशर्सनी आधी महिनाभर तरी जेडीबीसी-टेम्प्लेटवर काम करावं असं मला मनापासून वाटतं, कारण एकदा हाताने मॅपिंग लिहिलं की अॅनोटेशनच्या मागे काय चाललंय ते आपोआप दिसायला लागतं.

६. सगळे म्हणतात हायबरनेट स्लो आहे. खरंय का?

हायबरनेट स्वतः फार स्लो नाही, पण तो नकळत किती क्वेरी फायर करतोय हे न बघता वापरला की पेज नक्की स्लो होतं. सगळ्यात जास्त वेळा हेच कारण निघतं, एन-प्लस-वन.

आता नीट बघा. कर्जखात्याच्या एंटिटीत सभासद आहे, मेनी-टू-वन नात्याने. यादीच्या पेजसाठी तुम्ही ५०० कर्जखाती आणली, क्वेरी एक. मग प्रत्येक ओळीत सभासदाचं नाव दाखवायला ते नाव मागितलं, की प्रत्येक खात्यामागे सभासदाची एक क्वेरी. पुढच्या कॉलममध्ये बाकी हप्ते मोजले, की हप्त्यांची आणखी एक. झाल्या १००१ क्वेरी. डेव्हलपरच्या मशीनवर डेटाबेस शेजारीच असतो आणि टेबलात वीस ओळी असतात म्हणून काही कळत नाही. प्रॉडक्शनला डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर, जाऊन-येऊन दोन मिलिसेकंद धरले तरी नुसत्या येण्याजाण्यात दोन सेकंद गेले, आणि हे एका युजरचं. कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) हिकारीचा असेल तर त्यात बायडिफॉल्ट १० कनेक्शनं असतात, तेवढी अशा पेजांनी अडवून ठेवली की बाकीचे ३० सेकंद ताटकळून टाइमआउट खातात आणि मग फोन येतो की सिस्टिम हँग झालीय.

त्यात अजून एक गोम अशी की जेपीएमध्ये मेनी-टू-वन आणि वन-टू-वन ही नाती बायडिफॉल्ट ईगर असतात. म्हणजे तुम्ही सभासदाला हात लावला नाहीत तरी यादीची क्वेरी झाल्यावर तो त्यांना एकेक करून घेऊन येतो! म्हणून पहिलं काम, सगळी नाती लेझी (मागितल्यावरच आणायची) लिहून टाका. मग जिथे लागेल तिथे जॉइन फेच किंवा एंटिटी ग्राफ वापरून एकाच क्वेरीत आणा. किंवा बॅच साइज लावा, म्हणजे ५० चे गठ्ठे करून तो आणेल आणि त्या ५०० सभासदांसाठी १० च क्वेरी जातील.

आणि डेव्हलपमेंटला एसक्यूएलचा लॉग कायम चालू ठेवा. एकसारखी दिसणारी सिलेक्ट ओळीने खाली खाली पळायला लागली की समजून जा.

हाताने लिहिलेल्या कोडमध्येही एन-प्लस-वन होतो बरं का. लूपमध्ये डीएओची (डेटाबेसशी बोलणाऱ्या क्लासची) मेथड कॉल केली की तेच. फक्त तिथे तो कोड वाचताना डोळ्यांना दिसतो.

७. लेझी केलं तर लेझी इनिशियलायझेशन एक्सेप्शन येतं. मग सगळं ईगर करून टाकू का?

नका करू, त्याने एरर जाईल आणि प्रश्न ६ मधला त्रास गळ्यात पडेल. एक्सेप्शनचा अर्थ एवढाच की सेशन (हायबरनेटचं डेटाबेससोबत चालू असलेलं काम) बंद झाल्यावर तुम्ही न आणलेली गोष्ट मागताय. सर्व्हिस मेथडमध्ये, ट्रान्झॅक्शन चालू असतानाच जे हवं ते आणा, डीटीओत (फक्त माहिती वाहून नेणाऱ्या साध्या क्लासमध्ये) भरा आणि तेच वर पाठवा.

स्प्रिंग बूटमध्ये काही जणांना हे एक्सेप्शन दिसतच नाही, कारण तिथे ओपन-इन-व्ह्यू बायडिफॉल्ट चालू असतं, सेशन रिस्पॉन्स जाईपर्यंत उघडं राहतं आणि जेसन बनवतानासुद्धा क्वेरी जात राहतात. सुरू होताना लॉगमध्ये तशी वॉर्निंग येते, पण ती कुणी वाचत नाही. नव्या प्रोजेक्टला पहिल्याच दिवशी ते बंद करा. जुन्या चालू प्रोजेक्टला एकदम बंद करू नका, आधी टेस्ट सर्व्हरवर बंद करून कुठे कुठे फुटतंय ते शोधा.

८. आमचे सीनियर म्हणतात हायबरनेट जड आहे, आपण आपलं छोटं फ्रेमवर्क लिहू, दोन आठवड्यांचं काम आहे. ऐकू का?

दोन आठवड्यांत ते होतं हे अगदी खरंय. रिफ्लेक्शनने फील्ड वाचायची, कॉलमशी नाव जुळवायचं, इन्सर्ट आणि अपडेट बनवायची, हे दोन आठवड्यांत छान चालायला लागतं आणि डेमोला सगळे खूश होतात.

मग तिसऱ्या महिन्यात कुणीतरी म्हणतं, कर्जासोबत हप्तेही आपोआप आले पाहिजेत. म्हणजे नाती आली. नाती आली की कर्जातून सभासद, सभासदातून त्याची सगळी कर्जं, त्यातून पुन्हा सभासद असा फेरा सुरू होतो, तो तोडायला एकदा आणलेला ऑब्जेक्ट आयडीवरून लक्षात ठेवायला लागतो. मग कुठे थांबायचं म्हणून लेझी लोडिंग, त्यासाठी प्रॉक्सी, म्हणजे खऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभा केलेला बदली. मग एका स्क्रीनवर एकच फील्ड बदललं तरी सगळे कॉलम लिहिले जातात आणि दुसऱ्याचा बदल पुसला जातो, म्हणून काय बदललं ते ओळखणं आलं. इन्सर्टचा क्रम फॉरिन कीप्रमाणे लावणं आलं. कॅशे आला, आणि कॅशेतलं जुनं कधी टाकायचं हा त्याहून अवघड प्रश्न आला. नलचं तर वेगळंच, जामीनदाराचा आयडी कॉलममध्ये नल आहे आणि रिझल्टसेटवर गेट-इंट केलं तर शून्य मिळतो, नंतर वॉज-नल विचारलं नाही तर शून्य नंबरचा जामीनदार सेव्ह होतो आणि फॉरिन की नसेल तर तो तसाच वर्षानुवर्षं पडून राहतो.

हे सगळं हायबरनेटवाल्यांनी वीसपेक्षा जास्त वर्षं, हजारो लोकांच्या बग रिपोर्टवरून घासून काढलंय. आणि तुमच्याकडे ते ज्याला कळतं तो एकच माणूस असतो. तो नोकरी सोडून गेला की नवीन माणसाला शिकायला कागदपत्रं नाहीत, नेटवर उत्तर नाही, आणि ते घरचं फ्रेमवर्क सीव्हीवर टाकून पुढची नोकरीही मिळत नाही. टीमवर हा अन्याय आहे असं मी स्पष्ट सांगतो.

हायबरनेट खरंच जड वाटत असेल तर उपाय सोपा आहे, एसक्यूएल लिहा आणि जेडीबीसी-टेम्प्लेट किंवा मायबॅटिस वापरा. सीनियरना हेच सुचवा. रो-मॅपर सोपे करणारे चार हेल्पर क्लास लिहिले तर कुणाचीच हरकत नाही. ज्या दिवशी त्या हेल्परमध्ये "नातं" हा प्रकार घुसेल त्या दिवशी थांबा.

९. फ्रेमवर्क वापरलं की उद्या डेटाबेस बदलता येतो म्हणतात. हे कारण धरायचं का?

प्रॉडक्ट विकणारी कंपनी असाल, एका ग्राहकाकडे ओरॅकल आणि दुसऱ्याकडे पोस्टग्रेस असेल, तर हो, हे कारण भक्कम आहे. एकाच ग्राहकासाठी एकच सिस्टिम बनवताय तर या कारणाला फार वजन देऊ नका, डेटाबेस सहसा बदलत नाही, वरचं ॲप्लिकेशन मात्र दोनदा बदलतं.

आणि बदलायची वेळ आलीच तर डायलेक्ट (कुठल्या डेटाबेसचं एसक्यूएल बनवायचं ते सांगणारी सेटिंग) बदलून सगळं होत नाही. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग नल म्हणून ठेवतो, पोस्टग्रेस दोन्ही वेगळ्या मानतो. मधलं नाव नसलेल्या सभासदांचा शोध ओरॅकलवर इज-नल लावून चालत होता तो पोस्टग्रेसवर नव्या नोंदींसाठी गप्प बसतो, एररही देत नाही. हे फ्रेमवर्कच्या आवाक्याबाहेरचं आहे.

१०. हाताने एसक्यूएल लिहिलं की इंजेक्शनचा (युजरच्या मजकुरातून एसक्यूएल घुसवलं जाण्याचा) धोका, आणि हायबरनेटमध्ये नाही. बरोबर?

अर्धवट बरोबर. धोका स्ट्रिंग जोडण्यात आहे, मग ती एसक्यूएलची असो की एचक्यूएलची, म्हणजे हायबरनेटच्या स्वतःच्या क्वेरी भाषेची. प्रिपेअर्ड स्टेटमेंट आणि प्रश्नचिन्ह वापरलं तर हाताने लिहिलेलंही सुरक्षित, आणि सर्च बॉक्समधला मजकूर थेट एचक्यूएलमध्ये चिकटवला तर हायबरनेटही उघडा.

मायबॅटिसवाल्यांनी हॅशवालं आणि डॉलरवालं पॅरामीटर यातला फरक घोकून ठेवा. हॅशवालं बाइंड होतं, डॉलरवालं जसंच्या तसं क्वेरीत चिकटवलं जातं.

राहतं ते ऑर्डर बाय. कॉलमचं नाव बाइंड करता येत नाही, म्हणून लोक नाइलाजाने जोडतात. तिथे परवानगी असलेल्या कॉलमची यादी कोडमध्ये ठेवा आणि युजरकडून आलेलं त्या यादीत असेल तरच वापरा, दुसरा मार्ग नाही.

११. मी सेव्ह कॉलच केलं नाही, तरी अपडेट क्वेरी गेली! बग आहे का?

बग नाही, हायबरनेटचं काम करण्याचं तंत्रच ते आहे. ट्रान्झॅक्शनमध्ये आणलेली एंटिटी त्याच्या नजरेखाली असते, कमिटच्या वेळी तो आधीचं आणि आताचं ताडून बघतो आणि फरक दिसला की अपडेट पाठवतो. रिपोर्टमध्ये नाव छान दिसावं म्हणून एखाद्याने एंटिटीवरच नाव ट्रिम करून परत सेट केलं, की छपाईच्या नादात सभासदांच्या टेबलात बदल होऊन बसतो. जिथे फक्त वाचायचंय तिथे ट्रान्झॅक्शन रीड-ओन्ली करा, स्प्रिंग मग हायबरनेटचं आपोआप फ्लश होणं (साठलेले बदल डेटाबेसला पाठवणं) थांबवतं. त्याहून बरं, वाचायच्या कामाला एंटिटी आणूच नका, प्रश्न ४ मध्ये सांगितल्याप्रमाणे साधा रेकॉर्ड आणा.

आणि हो, एकच फील्ड बदललं तरी त्या अपडेटमध्ये बायडिफॉल्ट सगळे कॉलम असतात. नको असेल तर डायनॅमिक अपडेट लावायचं.

१२. दोन क्लार्कनी एकच खातं एकाच वेळी उघडलं आणि दुसऱ्याने पहिल्याचा बदल पुसला. फ्रेमवर्कशिवाय हे सांभाळता येतं का?

आरामात येतं. टेबलात व्हर्जन नावाचा आकड्याचा कॉलम ठेवा. अपडेट करताना व्हर्जन एकने वाढवा आणि वेअरमध्ये आयडीसोबत आपण वाचलेलं जुनं व्हर्जनही लिहा. अपडेटने किती ओळी बदलल्या तो आकडा परत मिळतो, शून्य आला तर मधे कुणीतरी बदल केलाय, युजरला तसं सांगा आणि ताजी माहिती दाखवा. हायबरनेट व्हर्जन अॅनोटेशन लावल्यावर हेच करतो. फरक एवढाच की हाताने लिहिताना तो शून्य तपासायला प्रत्येक ठिकाणी आठवण ठेवायला लागते, म्हणून ते एकाच मेथडमध्ये बांधून टाका.

एक सापळा दोन्हीकडे आहे: व्हर्जन स्क्रीनवरून परत आलं पाहिजे. सेव्हच्या वेळी डेटाबेसमधून नव्याने वाचून तेच व्हर्जन लावलं तर तपासणीला काही अर्थच उरत नाही.

१३. महिनाअखेरीला दोन लाख खात्यांवर व्याज लावायचंय. हायबरनेटने केलं तर मेमरी संपते. काय करू?

आधी हे विचारा की ते एका अपडेट स्टेटमेंटमध्ये होतं का. व्याजाचा हिशोब एसक्यूएलमध्ये बसत असेल तर दोन लाख ओळी जावात आणून परत पाठवण्याचं काही कारण नाही.

हिशोब गुंतागुंतीचा असेल आणि जावातच करायचा असेल तर माझी पसंती जेडीबीसी बॅचला. हजार-हजारचे गठ्ठे, मधे मधे कमिट, आणि कुठपर्यंत झालं याची नोंद वेगळ्या टेबलात, म्हणजे रात्री दोन वाजता लाइट गेली तरी सकाळी पुढून सुरू करता येतं. मायएसक्यूएल असेल तर कनेक्शनच्या यूआरएलमध्ये रीराइट-बॅच्ड-स्टेटमेंट्स चालू करा, नाहीतर बॅच नावालाच राहते आणि आतून एकेक ओळ जाते. वाचतानाही सांभाळा. पोस्टग्रेसचा ड्रायव्हर बायडिफॉल्ट पूर्ण रिझल्ट मेमरीत ओढतो, ऑटोकमिट बंद आणि फेच साइज दिली तरच तो गठ्ठ्याने आणतो. ओरॅकलचं उलट, तिथे फेच साइज फक्त १० असते, ती वाढवली की तेच काम दिसण्याइतकं वेगाने होतं.

हायबरनेटनेच करायचं असेल तर ठरावीक ओळींनंतर फ्लश आणि क्लिअर करत राहा, किंवा स्टेटलेस सेशन घ्या. आणि आयडी जर ऑटो-इन्क्रिमेंटने बनत असेल, म्हणजे आयडेंटिटी, तर हायबरनेट इन्सर्टची बॅच करतच नाही, तुम्ही बॅच साइज कितीही द्या, कारण प्रत्येक इन्सर्टनंतर त्याला आयडी विचारायला लागतो. सीक्वेन्स असलेल्या डेटाबेसवर सीक्वेन्स वापरा.

१४. एकाच प्रोजेक्टमध्ये जेपीए आणि जेडीबीसी-टेम्प्लेट दोन्ही वापरले तर घाण होत नाही का?

सीमा ठरवली तर नाही होत, आणि बहुतेक मोठ्या सिस्टिमला हाच मार्ग बरा असं माझं मत आहे. लिहिण्याच्या स्क्रीन जेपीएवर, याद्या आणि रिपोर्ट एसक्यूएलवर, आणि पॅकेजेस वेगळी. स्प्रिंगचा जेपीएवाला ट्रान्झॅक्शन मॅनेजर हायबरनेटसोबत असताना तेच कनेक्शन जेडीबीसी-टेम्प्लेटलाही देतो, म्हणजे डेटासोर्स एकच असेल तर दोघं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात.

घोळ होतो तो क्रमाचा. तुम्ही एंटिटीवर रक्कम बदलली आणि लगेच पुढच्या ओळीत जेडीबीसी-टेम्प्लेटने बेरीज काढली, तर बेरीज जुनी येईल, कारण हायबरनेटने अपडेट अजून पाठवलेलंच नाही आणि जेडीबीसी-टेम्प्लेटने क्वेरी केली हे त्याला कळत नाही. मधे स्वतः फ्लश करा. उलट बाजूनेही तेच, एसक्यूएलने ओळ बदलली पण ती एंटिटी आधीच सेशनमध्ये होती तर हायबरनेट जुनीच दाखवणार, तिला रिफ्रेश करावं लागतं. आणि सेकंड-लेव्हल कॅशे (सेशन संपल्यावरही राहणारा हायबरनेटचा कॅशे) चालू असलेल्या टेबलांना बाहेरून हात लावूच नका.

१५. टेबलं हायबरनेटलाच बनवू दिली तर? डीडीएल-ऑटो अपडेट ठेवलं की काम होतं.

स्वतःच्या मशीनवर ठेवा. प्रॉडक्शनला कधीच नाही, तिथे फ्लायवे किंवा लिक्विबेस, म्हणजे टेबलांच्या बदलांच्या स्क्रिप्ट क्रमाने चालवणारी टूल्स. अपडेट मोड नवीन कॉलम जोडतो, पण फील्डचं नाव बदललं तर त्याला ते नाव बदलणं कळत नाही, तो नवीन रिकामा कॉलम करतो आणि जुना डेटा जुन्या कॉलममध्ये पडून राहतो.

पण स्क्रिप्ट हाताने लिहिताना मराठी डेटासाठी एक गोष्ट सांभाळा. ओरॅकलमध्ये व्हारचार-टू ३० लिहिलं तर ते सेटिंग बदललेलं नसेल तर ३० बाइट्स धरले जातात, ३० अक्षरं नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट्स घेतं, आणि चिन्ह म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजायचं. "ज्ञानेश्वर" बघा, वाचताना चार अक्षरं, आत १० चिन्हं, म्हणजे ३० बाइट्स, काठोकाठ बसलं. "ज्ञानेश्वरी" नावाची सभासद आली की ३३ होतात आणि ओरा-१२८९९ येते. जावातली लांबीची तपासणी मात्र पास झालेली असते, कारण तिथे लांबी ११ येते. हायबरनेट स्वतः ओरॅकलवर टेबल बनवतो तेव्हा आकड्यापुढे कॅर (म्हणजे बाइट्स नव्हे, चिन्हं मोजा) लिहितो म्हणून डेव्हलपमेंटला हे दिसत नाही आणि हाताने लिहिलेल्या स्क्रिप्टवर, म्हणजे थेट लाइव्हलाच फुटतं. स्क्रिप्टमध्येही ३० कॅर असंच लिहा.

१६. डेटाबेस पंधरा वर्षं जुना आहे, तीन-तीन कॉलमच्या प्रायमरी की, फॉरिन की नाहीत, निम्मं काम स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये. यावर हायबरनेट बसवू का?

बसवता येतं, पण सुख लागणार नाही. कंपोझिट कीसाठी वेगळे क्लास, फॉरिन की नसल्यामुळे अस्तित्वातच नसलेल्या सभासदाकडे बोट दाखवणाऱ्या ओळी, आणि प्रोसिजरने आतून बदललेलं हायबरनेटला न कळणं. इथे मायबॅटिस किंवा जेडीबीसी-टेम्प्लेट घ्या. अशा डेटाबेसमध्ये खरं शहाणपण त्या प्रोसिजरमध्ये साठलेलं असतं, आधी ते वाचून काढा.

१७. पेजिनेशन लावलंय तरी पूर्ण टेबल मेमरीत येतंय. असं कसं?

बहुतेक तुम्ही हप्त्यांसारख्या कलेक्शनवर जॉइन फेच आणि पेजिनेशन एकत्र केलंय. जॉइनमुळे एका कर्जाच्या ३६ हप्त्यांच्या ३६ ओळी होतात, मग एसक्यूएलमध्ये २० ओळींची मर्यादा लावली तर एक कर्जसुद्धा पूर्ण येणार नाही. म्हणून हायबरनेट मर्यादा लावतच नाही, सगळं आणतो आणि मेमरीत कापतो, लॉगमध्ये फक्त एक वॉर्निंग टाकतो. उपाय दोन क्वेरींचा: पहिलीत फक्त २० कर्जांचे आयडी मर्यादेसकट, दुसरीत त्या आयडींसाठी जॉइन फेच. क्रम दुसऱ्या क्वेरीतही पुन्हा लिहायचा, विसरू नका.

दोन कलेक्शनं एकदम फेच केली तर मल्टिपल बॅग फेच एक्सेप्शन येतं, त्यावर नेटवर सापडणारा उपाय म्हणजे लिस्टचा सेट करा. एरर जाते, पण ३६ हप्ते गुणिले ४ कागदपत्रं म्हणजे एका कर्जामागे १४४ ओळी डेटाबेसमधून येतच राहतात. इथेही वेगवेगळ्या क्वेरीच करा.

१८. आम्ही पायथन किंवा डॉटनेटवर आहोत, हे आम्हाला लागू आहे का?

नावं बदलतात, गोष्ट तीच. डॉटनेटला एंटिटी फ्रेमवर्क आणि डॅपर, ही जोडी जवळपास हायबरनेट आणि जेडीबीसी-टेम्प्लेटसारखीच, डॅपर स्टॅक ओव्हरफ्लोच्या लोकांनी त्यांच्या स्वतःच्या साइटसाठी बनवलं. पायथनला एसक्यूएल-अल्केमीत कोअर (एसक्यूएलचा) आणि ओआरएम (ऑब्जेक्ट आणि टेबलं जोडणारा) असे दोन थर मुद्दाम वेगळे ठेवलेत, म्हणजे प्रश्न ४ मधला भेद त्यांनी लायब्ररीतच करून ठेवलाय. जँगोवाल्यांनी सिलेक्ट-रिलेटेड आणि प्रीफेच-रिलेटेड या दोन मेथड आज शिकून घ्या, प्रश्न ६ चं उत्तर त्यात आहे.

१९. टेस्टसाठी एच-टू (जावासोबतच चालणारा छोटा डेटाबेस) वापरतो, लाइव्हला पोस्टग्रेस. हाताने एसक्यूएल लिहिल्यावर टेस्ट फुटायला लागल्या. आता?

फुटल्या ते बरंच झालं, कारण आधी पास होत होत्या त्या एच-टूवर होत होत्या, तुमच्या डेटाबेसवर नाही. फक्त एचक्यूएल असताना फरक झाकला जातो, पण लॉकिंग, तारखांचं गणित, मोठ्या-लहान अक्षरांचा शोध हे तेव्हाही वेगळं असतंच. टेस्टकंटेनर्स वापरा, टेस्ट सुरू होताना डॉकरमध्ये खरा पोस्टग्रेस उभा राहतो, लाइव्हला जे व्हर्जन आहे तेच द्या, आणि टेबलं फ्लायवेच्या त्याच स्क्रिप्टनी बनू द्या, म्हणजे स्क्रिप्टही तपासल्या जातात. कंटेनर प्रत्येक टेस्ट क्लासला नव्याने उभा करू नका, सगळ्यांना मिळून एकच ठेवा आणि प्रत्येक टेस्ट रोलबॅक करा. फक्त लक्षात घ्या, रोलबॅक होणाऱ्या टेस्टमध्ये कमिट होत नाही, त्यामुळे हायबरनेटचं शेवटचं फ्लशही राहून जातं आणि कन्स्ट्रेंट मोडला तरी टेस्ट हिरवी दिसू शकते. अशा टेस्टच्या शेवटी स्वतः फ्लश कॉल करा.